अनोळखी नोडचं काय करायचं?

मसुद्याच्या छापील प्रती चाळताना माझा सहकारी मध्येच थांबला. "अगं, यातले इशारे कुठे गेले?"

एका यंत्राची वापर-पुस्तिका होती. वेब-आवृत्तीत प्रत्येक धोक्याच्या पायरीआधी जाड किनारीची चौकट दिसत होती. झाकण उघडण्याआधी वीज बंद करा, हा भाग गरम असतो, इथे बोट घालू नका. पीडीएफमध्ये त्या जागी काहीच नव्हतं. मोकळी जागासुद्धा नाही. वरचा परिच्छेद संपत होता आणि लगेच खालची पायरी सुरू होत होती. मध्ये काही निसटलंय अशी शंका यावी अशी एकही खूण पानावर नव्हती.

ती पुस्तिका ज्या सॉफ्टवेअर-लायब्ररीतून तयार होत होती, तिचा पीडीएफ रेंडरर, म्हणजे मजकुराची पीडीएफ पानं काढणारा भाग, मी लिहिलेला. परिच्छेद, शीर्षक, टेबल असा डॉक्युमेंटचा प्रत्येक घटक म्हणजे एक नोड. इशाऱ्याची चौकट हा नोडचा नवा प्रकार होता, आणि तो दुसऱ्या एका टीमनं प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडायचा कोड, लिहून आणला होता. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब-आवृत्तीत, तो कसा दिसावा हे त्यांनी सांगितलं होतं. पीडीएफचं काम त्यांच्या यादीत पुढे कधीतरी होतं. माझ्या कोडमध्ये नोडचा प्रकार बघून काय काढायचं ते ठरवणारं एक लांबलचक फंक्शन होतं. परिच्छेद असेल तर हे, शीर्षक असेल तर ते, टेबल असेल तर आणखी काही. आणि सगळ्यांच्या शेवटी एक ओळ: यातलं काहीच नसेल, तर काही न करता परत फिर. ती ओळ मी तीन वर्षांपूर्वी लिहिली होती. लिहिताना क्षणभरही थांबले नव्हते. प्रोग्राम कोसळला नाही, एरर आली नाही, सगळ्या टेस्ट पास होत्या. इशारे मात्र गायब.

पुस्तिका छापायला जाण्याआधी सहकाऱ्याची नजर पडली म्हणून बरं झालं. पण त्या दिवसापासून एपीआयच्या, म्हणजे इतरांच्या कोडनं आपलं सॉफ्टवेअर ज्या वाटेनं वापरायचं तिच्या, डिझाइनकडे बघण्याची माझी पद्धत बदलली. एखादं सॉफ्टवेअर विस्तारता यावं असं ठरलं की चर्चा सुरू होते ती हुक, म्हणजे बाहेरचा कोड अडकवायच्या जागा, किती द्यायचे, कॉलबॅक कुठे ठेवायचे, प्लगइन लोड कसे करायचे यावरून. मीही तिथूनच सुरुवात करायचे. आता सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करते. प्लगइन म्हणजेच मूळ लेखकाला माहीत नसलेली गोष्ट. मग ती गोष्ट समोर आली की तिची ओळख नसलेल्या बाकीच्या भागांनी काय करायचं? हे ठरलेलं नसेल, तर बाकीचं डिझाइन कितीही देखणं असलं तरी ते अर्धवट आहे.

हा प्रश्न डॉक्युमेंटच्या बाबतीत जास्त बोचरा का होतो तेही सांगते. मजकूर आत येतो, त्याचा नोडचा ट्री, म्हणजे एकात एक बसलेल्या नोडची रचना, बनतो, ट्रीवर काही बदल होतात, मग लेआउट, म्हणजे ओळी आणि पानं पाडणं, आणि शेवटी एखाद्या फॉरमॅटमध्ये लिहून बाहेर पडणं. नवा नोड सुरुवातीला एका ठिकाणी शिरतो, पण त्याला या सगळ्या दारांतून जावं लागतं. प्लगइन लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्यातलं एकच दार असतं, त्याला हवं असलेलं.

प्रोग्रामिंग भाषांच्या अभ्यासकांना हे कोडं जुनंच आहे. फिलिप वॅडलर यांनी १९९८ मध्ये त्याला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' असं नाव दिलं. एक तक्ता डोळ्यांसमोर आणा. आडव्या ओळींत नोडचे प्रकार, उभ्या रकान्यांत त्यांच्यावर करायची कामं: एचटीएमएल लिही, पीडीएफ काढ, शब्द मोज, अनुक्रमणिका बनव. कोड एका पद्धतीनं मांडला तर नवी ओळ जोडणं सोपं जातं आणि नवा रकाना अवघड. दुसऱ्या पद्धतीनं मांडला तर उलट. ओळी आणि रकाने दोन्ही नव्यानं जोडता यावेत, जुन्या कोडला हात लागू नये, आणि तरी टाइप-चेकिंगची हमी, म्हणजे प्रोग्राम चालवण्याआधीच चुका पकडण्याची सोय, टिकावी, हे ते कोडं. भाषेच्या पातळीवर त्याची उत्तरं आहेत. पण एकानं नवी ओळ आणली आणि दुसऱ्यानं, त्याला न विचारता, नवा रकाना आणला, तर त्या दोघांच्या छेदातला चौकोन भरणार कोण? तिथे टाइप-चेकर फार तर चौकोन रिकामा असल्याचं सांगेल. त्यात काय लिहावं हे माणसानंच आधी ठरवून ठेवावं लागतं. आमच्या इशाऱ्याची चौकट नेमकी त्या रिकाम्या चौकोनात पडली होती.

मग मी इतरांनी हा चौकोन कसा भरला ते बघायला बसले. त्या काही आठवड्यांत मला हे काम जितकं आवडलं तितकं क्वचितच आवडलं असेल.

टेक्स, म्हणजे छापायची पानं जुळवणारं सॉफ्टवेअर, तिथून सुरुवात केली. डोनाल्ड कनूथ यांनी ते १९७७ मध्ये लिहायला घेतलं. त्याच्या सोर्समध्ये शेवटाकडे 'एक्स्टेन्शन्स' नावाचा एक विभाग आहे, आणि तिथे नोडचा एक खास प्रकार आहे, 'व्हॉट्सिट'. नाव अगदी बोलीतलं, आपण 'ते हे' म्हणतो तसं. अक्षर, चौकट, मोकळी जागा यांपैकी जे काहीच नाही ते 'ते हे'. ओळ जुळवणारा भाग व्हॉट्सिटला रुंदी नसलेली वस्तू समजतो आणि तिला जागच्या जागी ठेवून पुढे जातो. पान बाहेर पडताना त्या त्या व्हॉट्सिटला काय करायचं ते करू दिलं जातं. कनूथ यांनी 'राइट' आणि 'स्पेशल' या आपल्याच दोन कमांड या विभागात, बाहेरच्या माणसानं जोडाव्यात तशा वाटेनं बसवल्या. हे मला फार मोलाचं वाटतं. आपण ठेवलेली वाट चालण्यासारखी आहे का हे कळायला आपण स्वतः तिच्यावरून चालून बघावं लागतं.

'स्पेशल'ची गंमत अशी की तिच्यातला मजकूर टेक्स वाचतच नाही. जसा आला तसा डीव्हीआय या आपल्या आउटपुट फाइलमध्ये ठेवून देतो, आणि पुढे ती फाइल छापणाऱ्या किंवा दाखवणाऱ्या ज्या ड्रायव्हरला तो समजेल त्यानं समजून घ्यावा. टेक्सला रंग म्हणजे काय हे ठाऊक नाही. चित्र म्हणजे काय हेही नाही. तरी टेक्समधून रंगीत, सचित्र पानं निघतात ती या एका अपारदर्शक पाकिटामुळे. गाभा गोठवून ठेवूनही त्याच्याभोवती दशकानुदशकं वाढ होत राहिली. किंमत मोजावी लागली ती अशी: पाकिटात काय आहे हे गाभ्याला कळत नसल्यामुळे त्यातली चूकही कळत नाही. एका ड्रायव्हरसाठी लिहिलेलं पाकीट दुसऱ्याच्या हाती पडलं तर तो ते बाजूला ठेवणार. म्हणजे पुन्हा तेच, माझी ती शेवटची ओळ.

एचटीएमएलनं नियम थोडा वेगळा केला, आणि त्या थोड्यात सगळं आलं. ब्राउझरला टॅग ओळखीचा नसेल तर त्यानं टॅग सोडायचा, आतला मजकूर दाखवायचा. चौकट गेली तरी इशारा वाचता येतो. मी हा नियम पाळला असता तर पुस्तिकेत किनार नसलेलं, साधं का होईना, 'वीज बंद करा' छापलं गेलं असतं. पण हाही नियम सगळीकडे पुरत नाही. स्क्रिप्ट आणि स्टाइल हे टॅग नवे होते तेव्हा जुने ब्राउझर आतला कोडच वाचकासमोर ओतायचे, कारण त्यांच्या लेखी तो मजकूर होता. म्हणून लोक स्क्रिप्ट कॉमेंटच्या खुणांत गुंडाळून लिहीत, आणि ती सवय गरज संपल्यावरही वर्षानुवर्षं टिकली. पुढे व्हिडिओ टॅग आला तेव्हा त्याच्या आत काय ठेवायचं हे लेखकावर सोडलं. टॅग कळला तर व्हिडिओ दिसेल, न कळला तर आतली लिंक किंवा वाक्य दिसेल. अनोळखी वस्तू स्वतःची पर्यायी ओळख बरोबर घेऊन फिरते, ही कल्पना मी तिथून उचलली.

सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती पीएनजीपाशी. चित्रांचं फॉरमॅट, १९९६ चं. फाइल तुकड्यांची बनलेली असते आणि प्रत्येक तुकड्याला चार रोमन अक्षरांचं नाव असतं. नावातलं प्रत्येक अक्षर मोठं (कॅपिटल) आहे की छोटं, यालाच अर्थ दिलेला आहे. पहिलं अक्षर मोठं असेल तर तुकडा अत्यावश्यक. तो कळला नाही तर चित्र दाखवल्याचा आव आणू नका, वापरणाऱ्याला सांगा. छोटं असेल तर पूरक. कळला नाही तर खुशाल सोडा. दुसऱ्या अक्षरावरून तुकडा सार्वजनिक की कुणाचा खासगी ते समजतं. तिसरं पुढच्या काळासाठी राखून ठेवलंय. आणि चौथं अक्षर तर केवळ सुंदर आहे. एखाद्या एडिटरनं चित्रात बदल केला आणि त्याला न कळणारा तुकडा फाइलमध्ये आढळला, तर तो नव्या फाइलमध्ये तसाच उतरवावा की टाकून द्यावा, ते हे अक्षर सांगतं. चित्राच्या मजकुराशी ज्याचा संबंध नाही, उदाहरणार्थ लेखकाचं नाव, तो तुकडा उतरवायला हरकत नाही. शेवटच्या बदलाची वेळ नोंदवणारा तुकडा मात्र चित्र बदलल्यावर खोटा ठरतो, तो उतरवायचा नाही.

थोडा विचार करून बघा. जो तुकडा अजून जन्मालाच आलेला नाही, त्याच्याशी कसं वागायचं हे आज लिहिलेल्या प्रोग्रामला त्या तुकड्याच्या नुसत्या नावावरून कळतं. चार बिट खर्चून केलेली सोय. मी ती वाचली त्या संध्याकाळी घरी जाऊनही तिच्याबद्दल बोलत होते.

आमच्या लायब्ररीत शेवटी जे ठरलं ते यांच्यातूनच आलं. नोडचा नवा प्रकार नोंदवायचा तर दोन गोष्टी द्याव्याच लागतात, त्यांशिवाय नोंदणी होत नाही. पहिली, तो आवश्यक आहे की पूरक. दुसरी, त्याचं पर्यायी रूप: गाभ्याला माहीत असलेल्या नोडमध्येच तो कसा मांडता येईल. इशाऱ्याची चौकट असेल तर ठळक अक्षरांत 'इशारा' आणि खाली साधा परिच्छेद. एखादा परस्परसंवादी आलेख असेल तर स्थिर चित्र, तेही नसेल तर आकड्यांचं टेबल. रेंडररला प्रकार कळला तर तो स्वतःच्या पद्धतीनं काढेल. न कळला तर पर्यायी रूप मागेल. आवश्यक नोड आहे आणि पर्यायी रूप बनवतानाही काही बिनसलं, तर काम तिथेच थांबेल आणि नोड कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीतून आला ते सांगेल.

यावर विरोध झाला. प्लगइन लिहिणाऱ्यांना एक जास्तीचं फंक्शन लिहावं लागणार, लोक कंटाळून रिकामं फंक्शन देतील, असं म्हणणं होतं. काहींनी दिलंही. म्हणून पर्यायी रूपात मूळ नोडमधला मजकूर पोचतोय का ते तपासणारी एक टेस्ट प्लगइनच्या साच्यातच घालून दिली. माझं मत आजही तेच आहे: ही मेहनत जो नवी वस्तू आणतो त्यानं करावी, कारण तिचा अर्थ फक्त त्यालाच ठाऊक असतो. रेंडरर लिहिणाऱ्यानं अंदाज बांधत बसू नये.

दुसरी मोठी चूक मला लिपीनं दाखवली.

आमच्या पहिल्या एपीआयमध्ये मोजमापाचं एक फंक्शन होतं. एक कॅरॅक्टर द्या, फॉन्ट द्या, रुंदी मिळेल. प्लगइनला मजकूर एखाद्या चौकटीत बसवायचा असेल तर एकेका कॅरॅक्टरची रुंदी विचारायची, बेरीज करायची, काठ आला की ओळ तोडायची. रोमन लिपीत हे चालून जात होतं. म्हणजे अक्षरजोड्यांमधलं अंतर कमीजास्त केलं जातं तिथे केसभर चुकत होतं, पण डोळ्यांत भरत नव्हतं. मग मी त्यात मराठी मजकूर घातला.

'स्त्रिया' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, तो आठ कॅरॅक्टरचा आहे: स, हलन्त, त, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, य, काना. यातली वेलांटी क्रमानं सहावी साठवलेली, आणि कागदावर दिसते ती सगळ्यांच्या आधी. हलन्त तर दिसतच नाही, त्याचं काम अक्षरं जोडण्याचं. स, त, र यांचं जे जोडाक्षर बनतं त्याची रुंदी त्या तिघांच्या वेगवेगळ्या रुंदींच्या बेरजेशी जुळायचं काही कारण नाही. माझ्या फंक्शननं ती बेरीज इमानेइतबारे केली आणि शब्द चौकटीच्या मध्यावरच 'संपला'. एका प्लगइननं त्यावर विसंबून ओळ तोडली ती वेलांटी आणि तिच्या अक्षराच्या मधोमध. वेलांटी पुढच्या ओळीत एकटी, वर्तुळाकार ठिपक्यांच्या आधारावर लटकलेली.

याहून सूक्ष्म उदाहरण 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचं. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. दोन्हींत र आणि य जोडलेले, पण पहिल्यात रफार य च्या डोक्यावर चढतो, दुसऱ्यात र ची आडवी रेघ य च्या आधी येते. युनिकोडमध्ये दुसऱ्यासाठी सहसा नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ वापरला जातो. मजकूर स्वच्छ करणाऱ्या एका प्लगइननं तो नुक्ता किरकोळ समजून पुसला आणि सगळ्या दऱ्यांचा समुद्र झाला. त्या प्लगइनच्या लेखकाला दोष देणं मला पटत नाही. माझ्या एपीआयनं त्याला सांगितलं होतं की मजकूर म्हणजे सुट्या कॅरॅक्टरची माळ. त्यानं माळेसारखंच वागवलं.

फंक्शनचं नाव आणि त्याला काय द्यायचं, त्यातून काय मिळणार, यातूनच आपण वापरणाऱ्याला जगाचं चित्र देत असतो. 'कॅरॅक्टरची रुंदी' असं नाव दिलं की कॅरॅक्टरला रुंदी असते हे आपण शिकवलं. आता आमचं फंक्शन मजकुराचा अखंड तुकडा घेतं, सोबत फॉन्ट, लिपी आणि भाषा. भाषा वेगळी मागावी लागते, कारण देवनागरी लिपी एकच असली तरी मराठीतला ल आणि श चा घाट हिंदीतल्यापेक्षा वेगळा असतो आणि चांगले फॉन्ट दोन्ही रूपं बाळगतात. आत हार्फबझ हे अक्षरांची जुळणी करणारं सॉफ्टवेअर काम करतं आणि आपण ग्लिफची, म्हणजे फॉन्टमधल्या प्रत्यक्ष आकारांची, यादी परत देतो: प्रत्येक ग्लिफ कुठे बसतो, किती पुढे सरकवतो, आणि मूळ मजकुराच्या कुठल्या क्लस्टरमधून, म्हणजे एकत्रच राहायला हव्या अशा कॅरॅक्टरच्या गटातून, आला. ओळ तोडायची तर क्लस्टरच्या आत तोडता येणारच नाही, अशी यादीची रचनाच आहे. जुनं फंक्शन लगेच काढता आलं नाही. त्यावर कोड लिहिलेली माणसं होती. दीड वर्ष ते 'वापरू नका' असा इशारा देत राहिलं, आणि त्या काळात आलेली प्रत्येक तक्रार मी स्वतः वाचली.

शब्दांत दिलेलं वचन आणि प्रत्यक्ष दिसणारं वागणं यांतला फरक मला याच काळात कळला. हायरम राइट या अभियंत्याच्या नावानं ओळखला जाणारा एक नियम आहे: वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या एपीआयचं जे जे वागणं दिसतं, त्यावर कुणी ना कुणी अवलंबून असतंच, करारात काहीही लिहिलेलं असो. आम्ही एकदा एचटीएमएलमधली एक निरुपयोगी रिकामी ओळ काढली आणि तीन प्रकल्पांचे बिल्ड पडले. त्यानंतर मी दिसणारं वागणंच कमी ठेवू लागले. जे दाखवायची गरज नाही ते दाखवायचं नाही. ट्री प्लगइनला वाचायला मिळतो, पण आमची आतली रचना त्याच्या हाती लागत नाही.

प्लगइन कुठल्या क्रमानं चालतात याबद्दलही लिहायला हवं, पण लॅटेक, म्हणजे टेक्सवर उभारलेली व्यवस्था, वापरलेल्यांना ते समजवायची गरजच नाही. वर्षानुवर्षं तिथली पॅकेज, म्हणजे त्यांचे प्लगइन, एकमेकांच्या कमांड बदलत आली. दोन पॅकेजनी एकच कमांड बदलली तर जे नंतर लोड होईल त्याचं चालणार. म्हणून हायपररेफ हे पॅकेज सहसा सगळ्यांत शेवटी लोड करा, आणि क्लेव्हररेफ त्याच्याही नंतर, असे तोंडी नियम तयार झाले. २०२० च्या ऑक्टोबरमधल्या रिलीजमध्ये लॅटेकच्या गाभ्यातच हुकची रीतसर व्यवस्था आली. कुठल्या हुकवर कोण आहे हे नोंदलेलं असतं आणि 'मी अमुकच्या आधी' असा नियमही सांगता येतो. लॅटेक टू ई ही आवृत्ती १९९४ ची. मधली पंचवीसेक वर्षं तो क्रम माणसांनी डोक्यात बाळगला. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून टप्पे ठरवून दिले आणि प्लगइननं आपला टप्पा सांगायचा असा नियम केला. एवढं पुरलं.

जे पुरलं नाही, ते पानांच्या बाबतीत. एखाद्या वाक्यात 'पाहा पान ९' असा संदर्भ आहे. पानं पाडली तेव्हा तो मजकूर दहाव्या पानावर गेला. म्हणून संदर्भ झाला 'पाहा पान १०'. एक अंक वाढला, त्यामुळे ओळ मोडली, परिच्छेद एका ओळीनं वाढला, पानाचा तोल बदलला, एक आकृती पुढच्या पानावर ढकलली गेली, तिच्या मोकळ्या झालेल्या जागेत तो मजकूर मागे सरकला, थेट नवव्या पानावर. संदर्भ पुन्हा 'पान ९'. ओळ पुन्हा आखडली. हे कधीच थांबत नाही. मी एकदा अशा फेऱ्या मोजत बसले होते. नऊ, दहा, नऊ, दहा, शंभर फेऱ्यांनंतरही तेच. आमच्या गाभ्यात यावर उपाय होता, ठरावीक फेऱ्यांनंतर मोठी रुंदी धरून बसायचं. पण प्लगइनला पानं पाडून झाल्यावर ट्री बदलण्याची मुभा दिली तर असं चक्र कोण कुठे सुरू करेल सांगता येत नाही. म्हणून ते दार मी बंदच ठेवलं.

त्या वेळी पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ यांची तुलना माझ्या मनात होती. १९८४ मध्ये आलेलं पोस्टस्क्रिप्ट ही पान कसं दिसावं ते प्रिंटरला सांगणारी पूर्ण प्रोग्रामिंग भाषा आहे, लूप, कंडिशन, फंक्शन सगळं असलेली. त्यात काय वाटेल ते काढता येतं. पण पन्नासाव्या पानावर काय आहे हे कळायला साधारणपणे आधीची एकोणपन्नास पानं चालवून बघावी लागतात, आणि प्रोग्राम संपेल याची खात्री नाही. १९९३ च्या पीडीएफनं चित्र काढण्याची भाषा ठेवली, लूप आणि कंडिशन काढून टाकल्या. पान थेट उघडता येऊ लागलं. पुढच्या आवृत्तीत भविष्यासाठी फटही ठेवली: बीएक्स आणि ईएक्स या दोन खुणांच्या मध्ये ओळखीची नसलेली क्रिया आली तर वाचणाऱ्यानं तक्रार न करता ती ओलांडावी. ताकद कमी करूनही विस्ताराला जागा राहते, हे मला तिथे ठळक दिसलं. आमचे प्लगइनही पानावर थेट काढत नाहीत. काय काढायचं त्याची यादी देतात, आणि यादी तपासता येते.

गेल्या महिन्यात मात्र त्या बंद दारावर कुणीतरी थाप मारली. लांब टेबल दोन पानांवर तुटतं तेव्हा पहिल्या पानाच्या तळाशी 'पुढील पानावर चालू' असं लिहायचंय, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर 'मागील पानावरून'. टेबल कुठे तुटणार हे पानं पाडल्यावरच कळतं. मागणी अगदी रास्त आहे. आकड्यांची दहा पानी टेबलं वाचणाऱ्याला त्या दोन शब्दांचा मोठा आधार असतो.

तीन आठवडे मी त्याच्यावर काम करते आहे. दार उघडण्याऐवजी एक खिडकी काढली आहे. प्लगइन दोन फंक्शन देतं. पहिलं पानं पाडण्याआधी बोलावलं जातं: टेबल तुटलं तर तुला किती उंची लागेल? तेवढी जागा लेआउट प्रत्येक संभाव्य तुटीपाशी धरून चालतं. दुसरं फंक्शन सगळी पानं पक्की झाल्यावर: ही तुझी जागा, हा पानाचा आकडा, भर. जागेचा आकार आता बदलत नाही, त्यामुळे पानं हलत नाहीत आणि चक्र सुरूच होत नाही. रेंडररला ही जागा माहीत नसेल तर पर्यायी रूप म्हणून साधी ओळ. वेब-आवृत्तीत पानंच नाहीत, तिथे दोन्ही फंक्शन बोलावलीच जात नाहीत.

मसुदा पाठवल्यावर मागणी करणाऱ्यानं उलट विचारलं, "मॅडम, भाषांतरात वाक्य लांबलं आणि धरलेल्या जागेत मावलं नाही तर?" प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कापायचं म्हटलं तर पुन्हा मजकूर मुकाट्यानं गायब होणार. अक्षर बारीक करायचं म्हटलं तर कुठवर? काल रात्री एवढं ठरलं: पहिल्या फंक्शनला भाषा आणि चौकटीची रुंदी दोन्ही द्यायच्या, म्हणजे ते त्याच मजकुराचं त्याच फॉन्टमध्ये खरं मोजमाप करून उंची सांगू शकेल. पानाच्या आकड्याला जास्तीत जास्त अंक धरायचे. आणि इतकं करूनही मावलं नाही तर काम थांबवायचं, पान, टेबल आणि वाक्य नावानिशी सांगून. आज सकाळी ते त्याला लिहून पाठवलं. सोबत टेस्टसाठी एक टेबल जोडलं आहे, बरोबर नवव्या आणि दहाव्या पानावर तुटणारं.